तुम्ही विचारलंत म्हणून: एम्बार्गो मोडला तर पहिला फोन कुणाला?

छत्रपती संभाजीनगरात जनसंपर्काचं काम करते म्हटलं की पत्रकारितेची मुलं हमखास विचारतात: सकाळी अकरापर्यंत राखून ठेवायच्या अटीवर, म्हणजे एम्बार्गोवर, दिलेली बातमी कुणी आदल्या रात्रीच चालवली, तर त्याचं तुम्ही काय करता?

त्याचं काय ते उद्या. त्या रात्री पहिला फोन, ज्यांनी शब्द पाळला त्यांना.

वाळूजच्या एका कारखान्याच्या विस्ताराची बातमी अशीच फुटली. रात्री लातूरहून वार्ताहराचा फोन आला, "मॅडम, पोर्टलवर आलीय. आम्ही थांबलो ते चुकलं का?" त्याच्या डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या लवकरच्या अंकाची, पानं सुटायच्या बेतात होती. कंपनीचे साहेब म्हणाले, मुंबईला विचारून सांगतो. मी म्हटलं, तोवर नांदेड, बीड सगळीकडची पानं जातील आणि शिक्षा होईल ती थांबलेल्यांनाच. त्यांनी होकार दिला. लगेच सगळ्यांना एकच ओळ गेली: "एम्बार्गो उठवला आहे, बातमी आत्ता वापरा." आता ही परवानगी मी प्रेसनोट निघण्याआधीच लेखी घेऊन ठेवते.

दोष कुणाचा, ते नंतर शांतपणे पाहायचं. नुसतं माथ्यावर 'एम्बार्गो' लिहून मेल धाडला म्हणून समोरचा बांधला जात नाही. त्यानं आधी हो म्हणायला हवं. पुष्कळदा फोटो कंपनीतल्याच कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गेलेला असतो. पत्रकारानं स्वतःच्या सूत्राकडून बातमी काढली असेल, तर तो त्याचा हक्कच आहे. शब्द देऊन मोडला असेल, तर संपादकांशी बोलते, ग्रुपवर नाही. आणि पुढे काही काळ त्यांना आगाऊ काही मिळत नाही.

पण बातमी रोखणंच चूक असेल तर? मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीची बातमी दोस्त सैन्यानं राजकीय कारणासाठी अडवून धरली होती. स्टॅलिनला बर्लिनमध्ये वेगळा समारंभ हवा होता. एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडी यांनी ती फोडली आणि त्यांची नोकरी गेली. एपीनं माफी मागितली २०१२ साली, केनेडी गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

म्हणून नवीन यंत्राची, नव्या कारखान्याची बातमी मी खुशाल राखून ठेवते. कारखान्यातला अपघात, विहिरीत उतरलेलं सांडपाणी, जायकवाडीतून वाढणारा विसर्ग असल्या बातमीवर कुणी थांबायची अट घालायला सांगितली, तर सरळ नाही म्हणते. पैठणच्या खाली गोदाकाठच्या माणसाला पाण्याची मोटार आणि जनावरं वर काढायला तेवढाच वेळ असतो.