सहा हजारांचं ट्रॅव्हल आणि सव्वादोन लाखांचा टीडीएस : माझा अनुभव

मी फोंड्याची, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स बघते, चाळीसेक माणसं, मोठं काही नाही. हे लिहितेय कारण आमच्याकडे जे झालं ते अजून बऱ्याच छोट्या कंपन्यांत तसंच चालू आहे, मला दोघीतिघी मैत्रिणींनीच सांगितलं की आमच्याकडेही पगाराच्या व्हाउचरमध्ये 'ट्रॅव्हल रिइम्बर्समेंट' असा हेड आहे आणि त्यावर टीडीएस (पगार देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापत नाही.

हा हेड आला कुठून तेही सांगते. २०१८ पर्यंत घर ते ऑफिस येण्याजाण्यासाठी महिन्याला १,६०० रुपये ट्रान्सपोर्ट अलाउन्स टॅक्स फ्री असायचा. २०१८-१९ पासून सरकारने तो काढला आणि त्याच्या नि मेडिकलच्या बदल्यात ४० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) दिलं (पुढच्या वर्षी ते ५० झालं). आमचे तेव्हाचे अकाउंटंट काका, आता रिटायर झालेत, त्यांनी काय केलं तर कन्व्हेयन्सचा कॉलम काढून तिथे ट्रॅव्हल रिइम्बर्समेंट लिहिलं आणि पात्रांवनी (म्हणजे आमच्या मालकांनी) हौसेने रक्कम वाढवून सहा हजार केली. स्टाफ खूश, कारण बेसिक वाढवलं असतं तर पीएफ वाढला असता आणि हातात कमी आलं असतं. मी २०२० मध्ये जॉइन झाले, शीट तयारच होती, मी फक्त महिना बदलत गेले. ही माझी चूक, ती मी मान्य करते, एकदाही विचारलं नाही की रिइम्बर्समेंट म्हणजे खर्चाची भरपाई, मग खर्चाचं बिल कुठाय.

जानेवारी २०२३ मध्ये सकाळी साडेदहाला चौघं जण आले, टीडीएस सर्व्हे म्हणून. कलम १३३ए(२ए). आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं रेड पडली, तिने घाबरून आधी चहाच सांगितला. रेड नव्हे ती, टीडीएसच्या सर्व्हेत पुस्तकं जप्त करत नाहीत, कॅशही मोजत नाहीत, फक्त बघतात आणि विचारतात. पण विचारतात नीट. सोबतच्या मॅडमनी पगाराचं रजिस्टर आणि ट्रॅव्हलचं लेजर शेजारी शेजारी ठेवलं आणि पहिला प्रश्न हाच केला, "हे सहा हजार सगळ्यांना सारखेच कसे? खर्च सगळ्यांचा सारखा होतो का?" एक माणूस राहतो म्हार्दोळला, चालत येऊ शकतो, दुसरा येतो बांद्याहून. दोघांना सहा हजार. मी काय बोलणार, स्टेटमेंट लिहून घेतलं त्यात खरं तेच सांगितलं की बिलं घेत नाही.

महिन्याभराने शो-कॉज नोटीस आली, २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांची. कलम १९२ प्रमाणे पगारावर टीडीएस कापायला हवा होता तो कापला नाही, म्हणून २०१(१) खाली कंपनीला 'असेसी इन डिफॉल्ट' (टॅक्स भरण्यात कसूर करणारा) का धरू नये, आणि २०१(१ए) चं व्याज. हे सगळे नंबर १९६१ च्या कायद्यातले बरं का, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, उगाच शोधत बसू नका. नोटीसमध्ये १९ नावं होती. बाकीच्या स्टाफचं उत्पन्न हे पैसे धरूनसुद्धा पाच लाखाच्या आत, तिथे ८७ए ची रिबेट मिळून टॅक्स शून्य, मग कापायचं काय, म्हणून त्यांना ऑफिसरनीच वगळलं होतं.

पात्रांवना पहिल्यांदा पटेचना. "आगे, पैसे त्यांनी खाल्ले, टॅक्स त्यांचा, मग आमच्या नावान नोटीस कशी?" हा प्रश्न मला नंतर निदान दहा जणांनी विचारला. उत्तर साधं आहे, टॅक्स कर्मचाऱ्याचाच, पण कापून भरायची जबाबदारी मालकाची, आणि ती नाही पाळली तर तेवढी रक्कम मालकाकडून वसूल होते, वर महिन्याला १ टक्का व्याज. महिन्याचा एक दिवस लागला तरी आख्खा महिना धरतात. (कापून भरलाच नाही तर दीड टक्का, ते आणखी वाईट.) शिवाय जेवढ्या पगारावर टीडीएस कापला नाही त्याचा ३० टक्के खर्च कंपनीच्या स्वतःच्या उत्पन्नात अमान्य होऊ शकतो ते वेगळंच. आमच्या सीएंनी हे शेवटचं सांगितलं तेव्हा पात्रांव पंख्याकडे बघत बसले.

मग कामाला लागलो. सीए, मी आणि स्टोअरमधला एक मुलगा, तीन आठवडे रोज संध्याकाळी सातपर्यंत. १९ जणांचे दोन ढीग केले.

पहिला ढीग ११ जणांचा, सर्व्हिस इंजिनियर आणि सेल्सवाले. हे खरंच फिरतात. चोर्ला घाटातून बेळगाव, पुढे कोल्हापूर, खाली कारवार, वर कुडाळ-कणकवली. कलम १०(१४) आणि नियम २बीबी प्रमाणे ड्युटीसाठी केलेल्या प्रवासाचा भत्ता जेवढा खरोखर खर्च झाला तेवढा टॅक्स फ्री असतो. पण आमच्याकडे त्यांच्या खर्चाची बिलं नव्हती, कारण फिक्स रक्कम द्यायचो ना. तेव्हा त्या स्टोअरच्या मुलानेच सुचवलं की सर्व्हिस रिपोर्ट आहेत की! मशीन दुरुस्त केल्यावर गिऱ्हाइकाची सही-शिक्का-तारीख घेतलेला गुलाबी कागद. दोन वर्षांचे गठ्ठे माळ्यावर होते, अर्ध्याला वाळवी लागलेली, गोव्याचा पावसाळा, काय सांगायचं. पण उरलेले पुरेसे निघाले. त्याला जोडून पेट्रोल पंपाची कार्डाची पेमेंट्स, हत्तरगी टोलचं फास्टॅग स्टेटमेंट, असं करत करत प्रत्येक माणसाची महिनावार फिरती बसवली.

सीएंनी वर सुप्रीम कोर्टाचा २००९ चा लार्सन अँड टुब्रोचा निकाल लावला. त्यात म्हटलंय की एलटीसी (सुट्टीतल्या प्रवासासाठी मिळणारे पैसे) किंवा कन्व्हेयन्स अलाउन्स कर्मचाऱ्याने खरंच वापरला की नाही याचे पुरावे गोळा करायचं बंधन कायद्याने मालकावर नाही. ऑफिसर म्हणाले, तो जुना, नंतर मालकाने पुरावे घ्यायला हवेत असं सांगणारी १९२(२डी) आली, २०१६ पासून नियम २६सी आणि फॉर्म १२बीबी आला. आमचे सीए तयारच होते, म्हणाले १२बीबी मध्ये घरभाडं, एलटीसी, होमलोनचं व्याज आणि ८०सी वगैरे, ड्युटीवरच्या कन्व्हेयन्सचा रकानाच नाही त्यात. पणजीला पाटोवर आयकर भवनात ही बोलणी चालली तेव्हा मी मागे फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं माळा साफ केला नव्हता. ११ जण सुटले. अर्थात नुसत्या निकालाने सुटले नसते असं माझं मत, गुलाबी कागदांनी सोडवलं.

दुसरा ढीग ८ जणांचा, ऑफिसात बसणारे. तिथे काही चालेना. घर ते ऑफिस हा प्रवास ड्युटीचा नाहीच, तो स्वतःचा. बिल असलं काय, नसलं काय, कदंबचा पास दाखवला तरी तो टॅक्सेबलच. लार्सनचा निकाल इथे लागू होत नाही कारण मुद्दा पुराव्याचा नाही, सूट मुळात नाहीच. आठातले दोघं मात्र निघाले. एक आमचे स्टोअरकीपर, पायाने अपंग आहेत. अपंगांसाठी महिन्याला ३,२०० पर्यंतचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स तेव्हाही टॅक्स फ्री होता, म्हणजे वर्षाचे ३८,४००, हे मला तोवर माहीतच नव्हतं, त्यांनाही नाही. ते वजा केल्यावर ते पाच लाखाच्या आत आले. दुसरी क्यूसीची (क्वालिटी कंट्रोलची) हेड. तिचं रिटर्न तिचा भाऊ भरतो, त्याने बँकेत आलेला प्रत्येक रुपया उत्पन्नात दाखवलेला! तिने टॅक्स भरलाय म्हटल्यावर सीएंचं सर्टिफिकेट लावून फॉर्म २६ए भरला, तिच्यापुरती कंपनी डिफॉल्टमधून बाहेर, फक्त तिने रिटर्न भरल्या तारखेपर्यंतचं व्याज लागलं. पात्रांव म्हणाले, त्या भावाला पेढे दी.

उरले सहा. सहा जणांचे वर्षाला ७२ हजार, दोन वर्षं, ८,६४,००० रुपये. सगळे २० टक्क्यांत, सेस धरून २०.८, म्हणजे १,७९,७१२.

आणि मग सेल्स हेडचं एलटीसी. त्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये बायकोमुलांना घेऊन गोवा-कोची-माले (मालदीव)-कोची-गोवा केलं आणि क्लेम टाकला १,४६,००० चा, रिसॉर्टच्या बिलासकट. आम्ही पास केला. मीच केला. एलटीसीची सूट फक्त भारतातल्या प्रवासाला, तीही फक्त भाड्याला, जवळच्या रस्त्याने, हॉटेल-जेवण काही नाही. तो म्हणत होता निदान गोवा-कोची तरी धरा, ते भारतातच आहे ना. नेमका हाच वाद स्टेट बँकेच्या केसमध्ये होता, त्यांचे कर्मचारी मदुराईहून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर करून परत दिल्लीला आले होते, बँकेने टीडीएस कापला नव्हता, आणि ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशाचा पाय पडला की सूट नाही, बँक असेसी इन डिफॉल्ट. तिकिटं बँकेच्या समोर होती, मग माहीत नव्हतं असं कसं म्हणता, हा कोर्टाचा रोख. आमच्याही फायलीत मालेचा बोर्डिंग पास मीच पिन केलेला. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ३१.२ टक्क्यांनी ४५,५५२.

ऑर्डर आली ऑगस्ट २०२३ च्या शेवटी, ऐन चवथीच्या तोंडावर. टॅक्स २,२५,२६४, व्याज साठ हजारांच्या आसपास, तीस दिवसांत भरा. अपील करता आलं असतं, पण सीए म्हणाले उरलंय त्यात दम नाही. चलन २८१, मायनर हेड ४०० टाकायचं असतं डिमांडचं, मी आधी सवयीने २०० निवडलं होतं, भरायच्या आधी बघितलं म्हणून वाचले. २७१सी च्या पेनल्टीची वेगळी नोटीस आली, ती टॅक्सएवढीच असू शकते, म्हणजे आणखी सव्वादोन लाख. तिला आम्ही २७३बी प्रमाणे कारण दिलं की जुना टॅक्स फ्री हेड नाव बदलून चालू राहिला, लपवाछपवी नव्हती, सगळं पुस्तकात दिसत होतं, आणि सर्व्हेनंतर लगेच सुधारलं. ती पेनल्टी त्यांनी सोडली.

खरा त्रास ऑर्डरचा नव्हता, स्टाफचा होता. पात्रांव म्हणाले मागचं सगळं पगारातून कापून घे. मी म्हटलं बाब, तसं टीडीएस म्हणून कापता येत नाही, १९२(३) प्रमाणे कमी कापलेला टॅक्स त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत ॲडजस्ट करता येतो, मागच्या वर्षांचा नाही. त्यामुळे सर्व्हेच्या वेळी चालू असलेल्या २०२२-२३ चं तेवढं जानेवारी ते मार्चच्या पगारात कापलं. सहा जणांना प्रत्येकी १४,९७६, महिन्याला जवळजवळ पाच हजार. एकाच्या मुलाची इंजिनियरिंगची फी होती, तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला आम्हीच सांगितलं होतं ना की हे टॅक्स फ्री. मागच्या दोन वर्षांचं शेवटी कंपनीने सोसलं. सेल्स हेडने मात्र त्याचे ४५ हजार आणून दिले, तोंड वाकडं करून का होईना.

एप्रिल २०२३ पासून ते सहा हजार सरळ टॅक्सेबल अलाउन्स. फिरतीवाल्यांना किलोमीटरच्या दराने, तारीख-ठिकाण-काम लिहिलेल्या शीटवर, गुलाबी कागदाची झेरॉक्स जोडून. आणि साखळी-डिचोली बाजूच्या लोकांसाठी एक मिनीबस भाड्याने लावली, कारण गंमत अशी की घर ते ऑफिस पैसे दिले तर टॅक्स, पण कंपनीने गाडी पाठवली तर नाही, ते पर्क्विझिट (पगाराबरोबर मिळणारा टॅक्सेबल फायदा) धरत नाहीत. पहिल्या महिन्याचं बिल देताना मी १९४सी चा १ टक्का कापला तर बसवाला दारात उभा, "बाय, ट्रान्सपोर्टरला टीडीएस नसतो, दहा गाड्यांच्या आत, माझी तर एकच." म्हटलं काका, ते मालाच्या गाड्यांना, तुम्ही माणसं नेता. तो म्हणाला तुमची माणसं सकाळी पोत्यासारखी झोपूनच येतात.

सेल्स हेडने यंदा परत एलटीसीचा फॉर्म मागितला. मी दिला आणि विचारलं कुठे. म्हणाला, "कोची. कोचीच्या पुढे एक इंच नाही."