सॅम्पल मागतात, एनडीएचं काय?

टेक्निकल रायटरकडे, म्हणजे प्रॉडक्टची मॅन्युअल आणि गाइड लिहिणाऱ्याकडे, पोर्टफोलिओ (कामाचे नमुने) मागणं रास्तच. पण नोकरीत लिहिलेलं जवळपास सगळं कंपनीच्या मालकीचं असतं आणि रुजू होतानाच एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही घेतलेली असते, हे एचआरला दर वेळी नव्याने समजावावं लागतं याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कामाचं सॅम्पल जोडा’ अशी चौकट होती. काही जोडल्याशिवाय सबमिटचं बटण चालेना. फोन केला तर एचआर मॅडम म्हणाल्या, “सर, कंपनीचं नाव झाकून टाका ना, सगळे तसंच करतात.” अहो, नाव झाकून काय होतंय? स्क्रीनशॉट, मेनूंची नावं, एरर कोड, यांवरून त्या क्षेत्रातला कुणीही प्रॉडक्ट ओळखेल. शिवाय आज जुन्या मालकाचं मॅन्युअल तुमच्या हातात देणारा उद्या तुमचंही दुसऱ्याला देईल, हा विचार कुणाच्या मनात येत नाही का? “टीमला विचारून सांगते,” म्हणाल्या. मग मेल, पुन्हा मेल, आणि पलीकडून शांतता.

शेवटी त्या चौकटीत मी एका पानाची पीडीएफ टाकली. कोणत्या प्रकारची कामं केली (इन्स्टॉलेशन गाइड, रिलीज नोट्स, एपीआय रेफरन्स, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसं बोलायचं याची माहिती), वाचक कोण होते, फ्लेअर या मॅन्युअल लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये किती आणि मार्कडाउन-गिटमध्ये (साध्या मजकुराच्या फाइल आणि त्यांतल्या बदलांची नोंद) किती, एवढंच लिहिलं. मूळ कागद गोपनीय आहेत म्हणून देता येत नाहीत, हे स्पष्ट सांगितलं आणि खाली गिटहबची (कोड आणि डॉक्स ठेवायच्या साइटची) लिंक दिली. फॉर्म बिनबोभाट गेला.

त्या लिंकवर दोनच गोष्टी होत्या. एक, ओपनवेदर या हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेच्या एपीआयसाठी मी स्वतः लिहिलेलं क्विकस्टार्ट (झटपट सुरुवात करून देणारं गाइड). एपीआय वापरायला लागणारी नवी की (पासवर्डसारखा कोड) घेतल्या घेतल्या वापरली तर ४०१, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा एरर, येऊ शकतो, कारण ती चालू व्हायला थोडा वेळ लागतो. हे मी पहिल्याच पायरीत सांगितलं होतं. दुसरी, एका ओपन सोर्स टूलच्या डॉक्समधली माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे मी सुचवलेला बदल.

पॅनेलवरच्या मॅनेजरनी नेमकी तीच उघडली. “यातलं तुमचं किती?” जुनं-नवं शेजारी-शेजारी दिसत होतंच. “ही ओळ वर का घेतली?” डेटा पुसला जाईल ही सूचना कमांडच्या खाली होती. वाचक वरून वाचत येतो, कमांड चालवून मोकळा होतो, आणि मग सूचना वाचतो. हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि तिथून पुढे खरी चर्चा सुरू झाली. सॅम्पल किती देखणं आहे यापेक्षा एखादा बदल का केला, हे त्यांना ऐकायचं असतं. म्हणून पाच-सात सॅम्पल भरू नका. दोन ठेवा, पण त्यांतल्या प्रत्येक ओळीचं उत्तर तयार ठेवा.

फ्लेअर, फ्रेममेकर वगैरेंची यादी रेझ्युमेत पुरे. स्टाइल गाइड (लेखनाचे नियम) मात्र कोणतं पाळलं ते सॅम्पलवरच लिहा, गूगलचं की मायक्रोसॉफ्टचं, हमखास विचारतात.

आणि हो, लिंकवर विसंबू नका, ऐन वेळी उघडत नाही. सॅम्पलची पीडीएफ लॅपटॉपवर असू द्या आणि तिला पान क्रमांक द्या, म्हणजे ऑनलाइन इंटरव्ह्यूत “तिसऱ्या पानावर या” असं म्हणता येतं.