दोन आणि चारच्या मधे

टिरेल बे, कॅरियाकू बेट, कॅरिबियन. १७ सप्टेंबर

"अगं, इंजिन का लावलंस?"

काल रात्री ह्यांनी विचारलेला हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाही. पाऊस थांबलाय, बोट जागेवर आहे, कुणाला साधं खरचटलंही नाही. हे वर बसून भिजलेल्या दोऱ्या वाळत घालताहेत. मी खाली टेबलाशी वही उघडून बसले आहे, आणि हात अजून कापतोय.

तीनला दहा कमी असताना जाग आली. काहीतरी बारीक किणकिणत होतं. आधी वाटलं, शेजारच्या बोटीची दोरी डोलकाठीवर आपटतेय. मग उमगलं, हा आपलाच गजर, नांगराचा. बोट ठरल्या घेराबाहेर सरकली की फोनवर वाजतो तो. फोन ह्यांच्या उशाशी, कानापासून हातभरसुद्धा लांब नाही. त्याच्या उजेडात ह्यांचा चेहरा दिसत होता. शांत, गाढ झोपलेला. "अहो, उठा, उठा." हललेसुद्धा नाहीत. थांबायला वेळ नव्हता, तशीच वर धावले.

वर सगळं उलटं झालेलं. आठवडाभर पूर्वेचा वारा, किनारा नाकासमोर आणि मागे मोकळा समुद्र. आता वारा पश्चिमेचा, पाऊस आडवा, आणि किनाऱ्यावरचे दिवे मागे, सुकाणूच्या बाजूला. हे दिवसच असे आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उष्णकटिबंधीय लहरी, म्हणजे हवेच्या कमी दाबाचे पट्टे, निघतात, वर्षाला ६० च्या आसपास. बहुतेक नुसता पाऊस देऊन पुढे जातात. एखादीच वारा असा गर्रकन फिरवते. मग नांगराला उलट्या बाजूने हिसका बसतो, तो वाळूतून सुटतो, आणि पुन्हा रुतेपर्यंत बोट घसरत राहते. ६ मीटर पाण्यात आम्ही ४० मीटर साखळी सोडली होती. काही कमी केलं नव्हतं. तरी मी पोचले तेव्हा खोलीचा आकडा ४.१ वर आला होता आणि खाली उतरतच होता. आमच्या बोटीला १.८ लागतं.

इंजिन सुरू केलं, हळूच पुढच्या गिअरमध्ये टाकलं. दोनतीन मिनिटं, जास्त नाही. मग पुढे साखळीने एक जोराचा झटका दिला, बोटीचं नाक वाऱ्याला आलं आणि आकडा ठरला. ३.६. नांगर रुतला होता.

तेव्हा हे वर आले. इंजिनची थरथर पाठीला लागली म्हणून उठले होते. आणि म्हणाले, "अगं, इंजिन का लावलंस?"

"गजर ऐकू नाही आला तुम्हाला?"

"कुठला गजर?"

तो फोन तेव्हाही खाली वाजतच होता. मला तिथपर्यंत ऐकू येत होता.

ह्या बोटीवर आम्हाला सात वर्षं झाली. सात वर्षं मी झोपले ती ह्यांच्या कानांच्या भरवशावर, हे मला काल रात्री कळलं. कुठे एखादी कडी कुरकुरली तरी ह्यांना जाग यायची. डोळे मिटलेलेच असायचे आणि म्हणायचे, "वारा दक्षिणेला सरकला." वर जाऊन बघावं तर खरंच सरकलेला असायचा. रात्री भीती नाही वाटत का, असं लोक विचारतात, आणि मी नाही म्हणते. मला वाटायचं, ते माझं धाडस. ते ह्यांचे कान होते.

कधीपासून? सकाळपासून हा एकच प्रश्न. किती रात्री आम्ही दोघंही नुसतेच झोपलो होतो, आणि आमच्यासाठी कुणीच जागं नव्हतं?

आता एकेक गोष्ट आठवतेय. व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा, आवाज. रोज सकाळी तो इतका वाढवलेला असायचा की हवामानाच्या बातम्यांनी केबिन दणाणायची, आणि मी गुपचूप कमी करायचे. बोलताना माझ्याकडे पूर्ण तोंड फिरवून बघणं. मला ते प्रेमाचं वाटायचं, छान वाटायचं. मी खालून काही सांगितलं की "हो हो" म्हणायचे आणि भलतंच करायचे. बेक्विया बेटावर त्यावरून मी जे बोलले, ते इथे लिहीत नाही.

वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात. समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. इंजिनची घरघर, लाटांचा जाडा आवाज, हे सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणून तर कुणाला कळत नाही. ज्याचं होतं त्यालाही फार उशिरा कळतं.

दुपारपर्यंत मी नुसती रडत होते, हे लिहून ठेवते. ह्या वयात आता रात्रभर कान टवकारून मीच पडायचं का? मी दमले तर कोण ऐकणार? लेक फोनवर म्हणेल, "आई, आता पुरे." आज तिला फोन करणार नाही. आणि जागा कुठली, तर हीच खाडी. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ ह्याच बेटावर चढलं. आम्ही तेव्हा त्रिनिदादला होतो. नंतर आलो तेव्हा खारफुटीत अडकलेल्या बोटी पाहिल्या. आसऱ्यालाच गेल्या होत्या त्या तिथे.

मग लॉगबुक काढलं. म्हटलं, तारीख शोधायचीच. रात्रीचा गजर वाजला की आम्ही नोंद करतो, जो उठेल त्याच्या अक्षरात. शेवटची नोंद मार्चची, मार्टिनिकमधली, आणि अक्षर ह्यांचं. म्हणजे मार्चमध्ये ऐकू येत होतं. त्यानंतर गजर वाजलाच नव्हता, म्हणून मला काही कळलं नव्हतं.

पण एप्रिलपासून पानांवर दुसरंच काहीतरी होतं. समासात, पेन्सिलीने, इतक्या बारीक अक्षरात की मी कधी वाचलंच नव्हतं. '१२.००, धक्क्याचा दिवा ८५.' '२.००, ८५.' '४.००, ८८, ठीक.' पान उलटलं, तेच. पुढचं पान, तेच. प्रत्येक मुक्कामी, प्रत्येक रात्री, बाराला, दोनला आणि चारला, किनाऱ्यावरच्या एखाद्या दिव्याची होकायंत्रावरची दिशा. तो आकडा तोच राहिला तर बोट हललेली नाही.

रात्री हे उठतात हे मला माहीत होतं. झोपेत जाणवायचं. वाटायचं, वयाचं आहे, संडासला जात असतील. पण त्यासाठी कुणी घड्याळी दोनच्या ठोक्याला उठत नाही.

वही घेऊन वर गेले. "हे काय आहे?"

बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "घड्याळ थरथरतं," म्हणाले. "मनगटावर."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?"

मला इतका राग आला की मी खाली निघून आले. एप्रिल ते सप्टेंबर. पाच महिने ह्या माणसाने सलग झोप घेतलेली नाही, आणि मी शेजारी. मघाशी रडत होते ती कोण ऐकणार म्हणून. कुणी ऐकत नव्हतं हे खरं. पण कुणी बघत नव्हतं असं नाही. काल गजर वाजला तो दोन आणि चारच्या मधे, एवढंच. दोनच्या नोंदीपुढे ८६ लिहिलंय. ठीक होतं सगळं.

संध्याकाळी ह्यांना टेबलाशी बसवलं. डोळे मिटा, ऐकू आलं की बोट वर करा. फोनवर वेगवेगळे सूर लावत गेले. ३००० हर्ट्झला माझ्या कानात कळ गेली, फोन लांब धरावा लागला. ह्यांचं बोट टेबलावर तसंच. डोळे घट्ट मिटलेले, कपाळाला आठी, मान किंचित पुढे. किती मनापासून ऐकत होते. माझ्याने बघवेना, मी फोन बंद केला तरी ते तसेच वाट बघत होते. मग खाली खाली येत गेले. १०००ला बोट जरासं हललं. ५२०ला टचकन वर झालं आणि हे हसले. मी वाचलं होतं की धुराचे नेहमीचे गजर ३००० च्या आसपास वाजतात, पण अशा कानांना झोपेत ५२० चा जाडा आवाज जास्त लवकर जागं करतो. नांगराच्या गजराला आता तोच लावला आहे. बोटीच्या भोंग्यासारखा येतो, लाकडी फळ्यासुद्धा घुमतात.

एक मात्र ह्यांना सांगायचं राहिलं. काल मी एकटीने केलं ते सगळं बरोबर केलं होतं. आणि ते करताना मला भीती वाटली नव्हती. भीती ह्यांच्या प्रश्नानंतर सुरू झाली.

अंधार पडायच्या आत नांगर उचलून पुन्हा नीट टाकला. ६.२ मीटर, साखळी ४० मीटर, गजराचा घेर ५५. धक्क्याचा दिवा ८४. फोन आता माझ्या उशाशी. दोनचा गजर घड्याळातून काढा म्हटलं, कुरकुरत काढला. चारचा काढायला तयार नाहीत.

मी माझ्या घड्याळात तीनचा लावला आहे.