हवा किती टाकू?

"किती टाकू?" पंक्चरवाले चाचा विचारायचे आणि मी म्हणायचो, "टाका नेहमीची." नेहमीची म्हणजे किती, हे ना त्यांना ठाऊक होतं ना मला. टायरवर टॉमी (टायर काढायची लोखंडी पहार) आपटायची, आवाज टणक आला की झालं. पिकअप घेतल्यावर पहिले सहा महिने माझा कारभार असाच चालला.

गाडी जुनी घेतलेली. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर हवेच्या आकड्यांचं कंपनीचं स्टिकर असतं. आधीच्या मालकाने रंग मारताना त्यावरूनही ब्रश फिरवला होता. धंदा टोमॅटोचा. संध्याकाळी नारायणगावला कॅरेट भरायचे, माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणवरून वाशी मार्केट गाठायचं, पहाटे रिकामी गाडी घेऊन परत. म्हणजे जाताना ओझ्याने स्प्रिंगचे पाटे सरळ झालेले आणि येताना मागे नुसता पत्रा वाजतोय. एकच गाडी, पण टायरच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या. ही गोष्ट समजायला मला दोन टायर घालवावी लागली.

पहिलं गेलं मे महिन्यात, मुरबाडच्या अलीकडे. भरल्या गाडीचं मागचं डावं टायर फुटलं. टायर रिमवरून उतरवलं तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघाला. टायरवाला म्हणाला, "दादा, खिळा नाही लागलेला. हवा कमी होती." हवा कमी आणि वर माल असला की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतलं रबर घासून झडतं. एक दिवस भिंतच सुटते.

मग काय, ज्याला विचारावं तो म्हणे वाढव. आमचे अण्णा (चुलते, वीस वर्षं टेम्पो चालवलेले) म्हणाले ५० पीएसआय (हवेचा दाब यातच मोजतात). चाचा म्हणाले ७०. मी चारही चाकांत ७० मारली आणि निर्धास्त झालो. चार महिन्यांत मागच्या टायरांची मधली नक्षी गोटा झाली, कडा मात्र नव्यासारख्या. सप्टेंबरात एका पहाटे धुक्यात रिकामी गाडी घाट चढत होती. वळणावर जरासा ब्रेक लावला आणि मागची बाजू माझी परवानगी न घेता सरकली. गाडी थांबवून चहा घेतला, तेव्हा हात थरथरत होते.

त्या आठवड्यात तीन कामं केली. पहिलं, हवा मोजायचा स्वतःचा गेज घेतला. चाचांचा गेज, पेट्रोल पंपाचं मशीन आणि माझा गेज एकाच टायरला लावले तर तीन आकडे आले, सगळ्यात मोठा आणि छोटा यांत सहाचा फरक. खरा कुठला ते सोडा; निदान रोज एकाच गेजने मोजायचं, एवढं ठरवलं.

दुसरं काम वजनकाट्यावर. काटेवाल्याला म्हटलं, आधी फक्त पुढची चाकं घ्या, मग पूर्ण गाडी. तो म्हणाला, "असं कोण करतं?" पण केलं बिचाऱ्याने. रिकामी गाडी १७४० किलो: पुढे ९६०, मागे ७८०. मग ६५ कॅरेट भरून, कॅरेटसकट साडेएकवीस किलोचा एक धरून, पुन्हा चढवली. एकूण ३१४०: पुढे १०४०, मागे २१००. कागद हातात घेऊन मी उभाच राहिलो. चौदाशे किलो माल टाकला आणि पुढच्या चाकांना कळलंसुद्धा नाही, फक्त ८० किलो. बाकी सगळं मागच्या दोघांवर. एका मागच्या टायरवर रिकामं असताना ३९० किलो, भरल्यावर १०५०.

तिसरं काम, टायर वाचलं. वर्षभर रोज बघत होतो, वाचलं कधी नव्हतं. भिंतीवर ११० हा भारांक होता. म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त १०६० किलो. शेजारी बारीक अक्षरात ४५० केपीए, हेही दाबाचंच माप, म्हणजे ६५ पीएसआय. हा आकडा रोज भरायचा नसतो. १०६० किलो पेलायला थंड टायरमध्ये एवढी हवा लागते, असा त्याचा अर्थ. अण्णांनी सीझनमध्ये "अजून दहा कॅरेट टाक, हवा वाढव" म्हटलं तेव्हा हाच हिशोब दाखवला. दहा कॅरेट वाढले की मागच्या प्रत्येक टायरवर शंभरएक किलो वाढतात, मर्यादा तिथेच संपते. हवा वाढवून टायरची ताकद १०६० च्या पुढे जात नाही. अण्णा म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होतं हे." होतं, छापलेलं तेव्हाही होतं.

सर्व्हिस सेंटरमधून माझ्या मॉडेलचं पुस्तक मिळवलं आणि काट्याच्या कागदाशी ताडून पाहिलं. माझ्या गाडीला, माझ्या टायरना जमलं ते असं: पुढे कायम ३५. मागे रिकामी ३५, पूर्ण माल ६५, अर्धा माल म्हणजे तीसेक कॅरेट असतील तर ५०. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असणार, त्यामुळे हे उचलून भरू नका; स्टिकर, पुस्तक आणि काटा बघा. कोणी टायरची साइज बदललेली असेल तर स्टिकरवरही डोळे झाकून विसंबू नका.

एक घोळ मात्र नंतरही झाला. कल्याणला थांबून हवा तपासली तर मागे ७२. पंक्चरवाल्याने मला विचारण्याआधीच सात पॉइंट (पीएसआय) सोडून दिले. दुसऱ्या दिवशी घरी थंड टायर मोजलं तर ५८. या दाबाला टायर दहा अंश तापलं की साधारण अडीच पॉइंट वाढतात. घाट उतरून आलेल्या भरल्या गाडीचं तीस अंशांनी सहज तापतं. छापलेले आकडे थंड टायरचे असतात. गाडी तीनेक तास उभी असेल तेव्हा मोजायचं, गरम टायरची हवा सोडायची नाही. आता मी दुपारी, गाडी भरायच्या आधी, सावलीत मोजतो. हवेऐवजी नायट्रोजन भरायचा सल्ला मिळाला, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, म्हटलं राहू दे.

परतीचं अजून नीट जमलेलं नाही. वाशीत पहाटे माल उतरला की नियमाने मागची हवा उतरवायला हवी. पण टायर तेव्हा गरम, आणि संध्याकाळी पुन्हा ६५ कुठून आणायची? आमच्या कोपऱ्यावरच्या छोट्या कॉम्प्रेसरला रोज तेवढा दाब चढवायला फार वेळ लागतो. त्यामुळे सीझनमध्ये रोज खेप असेल तर तसाच येतो, घाटात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, अगदी म्हाताऱ्यासारखा. मागचे लोक हॉर्न वाजवतात. दोन दिवस खेप नसेल तर ३५ वर आणतो. दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तिन्ही आकडे लिहून ठेवलेत, चाचाही आता तिथे बघूनच पाइप लावतात.

आणि स्टेपनी. चार चाकांचा एवढा अभ्यास केल्यावर टोकावड्याजवळ खिळा लागला, स्टेपनी काढली तर तिच्यात १८. ती रात्र मी कॅरेटवर बसून काढली. आता तिच्यात ६५ ठेवतो, पुढच्या चाकाच्या जागी लावायची वेळ आली तर जागेवर कमी करता येते.