ओट्याची पाचवी पायरी

तापीकाठच्या गावांमध्ये पूररेषा आखण्याचे सर्वेक्षण हे माझे काम आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. आम्ही घरे पाडायला आलो आहोत असा गावाचा समज होतो, त्यामुळे सुरुवातीला कोणी नीट बोलत नाही. रेषा ठरते ती नदीचे आडवे छेद आणि गिधाडे, सारंगखेडा यांसारख्या सरितामापन केंद्रांवर मोजलेला विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, संगणकाला देऊन. मात्र संगणकाचे उत्तर ताडून पाहायला जुन्या पुराच्या खुणा लागतात आणि त्या खुणा काठावर आयुष्य काढलेल्या माणसांकडेच असतात.

ज्या गावाविषयी लिहितो आहे ते शहादा तालुक्यातले आहे. गाव उंच पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, वसलेले आहे, आणि तापीकाठी अशा पांढरी किती जुन्या असतात हे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी प्रकाशे येथे केलेल्या उत्खननातून दिसले आहे. तिथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. या गावात एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. शिंपीकाम केलेले एक गृहस्थ आणि एक निवृत्त तलाठी यांना सोबत घेऊन ते कित्येक वर्षे गावाचा इतिहास लिहून ठेवत आले आहेत. कोणी सांगितलेले नाही आणि कोणी एक रुपयाही दिलेला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या दप्तरासाठी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले, हे आप्पा पहिल्याच भेटीत सांगतात. कागद गोळा करणे हे आपल्या भागाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे ठाम मत आहे.

त्यांच्या वह्या पाहून मला खरोखर आदर वाटला. माणसे पुराचे वर्ष सांगताना हमखास गोंधळतात; सप्टेंबर १९५९ चा पूर आणि ऑगस्ट १९६८ चा पूर एकमेकांत मिसळतात. आप्पा कोणालाच वर्ष विचारत नाहीत. गुजरात वेगळा होण्याच्या आधीचा पावसाळा की नंतरचा, बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी घरातले कोणते मूल केवढे होते आणि पुराच्या वेळी ते जन्मलेले होते का, असे ते विचारतात. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे वय, पुराच्या रात्री तो कुठे उभा होता आणि त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे तीन रकाने आहेत. आमच्या छापील नमुन्यात यांपैकी एकही रकाना नाही.

१९६८ च्या पुराने खाली सुरत बुडवली होती. सुरतेच्या वरचे उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे त्या पुराच्या वेळी ते अजून बांधून झालेले नव्हते. या गावात त्या पुराची एक खूण महादेवाच्या मंदिराच्या भिंतीवर होती आणि दुसरी तिथून बऱ्याच वरच्या अंगाला एका जुन्या वखारीच्या दगडी जोत्यावर. तिसरी साक्ष मंदिराच्या खालच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच घरात राहते. तिने सांगितले, "पाचवी पायरीलगुन पानी उनं व्हतं, भाऊ. मी सोता देखेल शे." तिच्या ओट्याला मात्र तीनच पायऱ्या होत्या. माझ्यासोबतच्या तरुण अभियंत्याने तिच्या नावापुढे 'अविश्वसनीय' असे लिहून टाकले. अभियांत्रिकीची पदवी घेताना समोरच्या माणसाचे ऐकून घ्यायला कोणी शिकवत नाही, याचा मला या कामात वारंवार त्रास होतो.

आप्पांनी वही काढली. मायच्या सासूची साक्ष त्यांनी फार पूर्वीच लिहून ठेवली होती: "ओट्याला सहा पायऱ्या. पाणी खालून पाचवीला, वरून दुसरीला." खाली प्रत्येक पायरीची उंची इंचांत होती. ती शिंपीकाकांनी आपल्या मापाच्या फितीने घेतलेली होती. दोन्ही बाजूंनी मोजून ठेवण्याची ती एक सावधगिरी नसती, तर पुढचे काहीच शक्य झाले नसते. गल्लीवर एकदा खडीकरण झाले, मग काँक्रीट, मग त्याच काँक्रीटवर पुन्हा काँक्रीट. जुना थर खरवडून काढण्याची पद्धत आपल्याकडे नाहीच, कारण उंची वाढली तरी बिल निघते. तीन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या होत्या. गटाराच्या कडेला जिथे काँक्रीट तडकले होते तिथे आम्ही कुदळीने थोडे मोकळे केले, तेव्हा पुरलेल्या पायरीचा दगडी कोपरा स्पष्ट दिसला आणि तिची उंची वहीतल्या आकड्याशी जुळली.

मग मी ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण, लावली. पक्क्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेपासून, तलांक (समुद्रसपाटीपासूनची उंची) आणत वखार, मंदिर, मायचा ओटा असे घेतले आणि उलट येऊन बेंचमार्कवरच मिटवले. लेव्हलिंग परत येऊन मिटवत नाही त्या सर्वेक्षकाचा एकही आकडा मी मानत नाही. साध्या कामात अंतराच्या किलोमीटरांचे वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर इतकी चूक चालते. आमची त्याच्या निम्म्याहून कमी आली. मंदिरावरच्या खुणेपेक्षा पाचवी पायरी सुमारे चार बोटे खाली भरली.

तरुण अभियंत्याला हा फरक म्हणजे चूक वाटली. मला तोच पुरावा वाटला. पुराचे पाणी सपाट नसते. नदी वाहते त्या दिशेने त्याचा पृष्ठभाग उतरत जातो. वखार वरच्या अंगाला, मंदिर मध्ये, मायचे घर खालच्या अंगाला, आणि तिन्ही खुणा त्याच क्रमाने, नदीच्या उताराला साजेशा प्रमाणात उतरत होत्या. तिघे वेगवेगळे साक्षीदार, वेगवेगळ्या काळी सांगितलेल्या गोष्टी, आणि पाण्याचा उतार जुळलेला. ठरवून असा मेळ कोणाला घालता येणार नाही. आमच्या संगणकी प्रारूपाची पातळी या तिन्हींच्या बरीच खाली होती.

मी तिन्ही खुणा तलांक, छायाचित्रे आणि वहीच्या प्रतींसह पाठवल्या. वरून उत्तर आले की 'स्थानिक चौकशी' हा दुय्यम पुरावा असल्यामुळे तो परिशिष्टात जोडावा आणि प्रारूप आहे तसेच ठेवावे. एक मुद्दा मात्र मला टाळता येत नाही: नदीच्या वरच्या अंगाचे गिरणा धरण १९६९ चे, हतनूर धरण १९८२ चे, म्हणजे त्या पुराच्या वेळी वर पाणी अडवणारे मोठे धरण पूर्ण झालेले नव्हते, तेव्हा तो पूर आजच्या नदीला लागू कसा करायचा, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न योग्य आहे. परंतु हतनूरचा साठा गाळाने घटला आहे, आणि मोठ्या पुरात ४१ दरवाजे उघडून आलेले पाणी पुढेच सोडावे लागते. विसर्ग आजचा घ्या, हे मलाही मान्य आहे. पण १९६८ चा विसर्ग घालून प्रारूप जर या तीन खुणांपर्यंत पोहोचत नसेल, तर पाण्याचा वेग कमी करणारा नदीच्या पात्राचा खडबडीतपणा आपण चुकीचा धरला आहे, आणि ती चूक आजच्या आकड्यांतही तशीच राहते. हे मी सविस्तर लिहून पाठवले आहे. त्याचे उत्तर आलेले नाही.

दरम्यान त्या गल्लीत पुन्हा काँक्रीट मंजूर झाले आहे. काम सुरू होण्याआधी मायच्या घराच्या कोपऱ्याच्या दगडावर १९६८ ची पातळी टाकीने कोरून घ्यावी, असा अर्ज आप्पांनी ग्रामपंचायतीत दिला. त्यासाठी तरतूद नाही असे कळल्यावर शिंपीकाकांनी गावातल्या पाथरवटाशी बोलणे केले आहे. मी त्यांना तलांक लिहून दिला आहे, आणि कोरताना लेव्हल घेऊन स्वतः हजर राहणार आहे.