लॅपटॉपवर छान, मोबाईलवर विस्कटलेलं

‘ताई, पान लॅपटॉपवर मस्त दिसतंय, मोबाईलवर मात्र पार वाट लागते. कुठला कोड टाकू?’ एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रूप आणि मांडणी) नव्याने शिकणारं प्रत्येक जण महिन्याभरात मला हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगते. टाकायचं फार थोडं असतं, काढायचं बरंच.

सीएसएसची एकही ओळ न लिहिता नुसते मथळे आणि परिच्छेद असलेलं पान करा आणि ब्राउझरची खिडकी लहान-मोठी करून बघा. मजकूर जागा बघून आपला आपण ओळ मोडतो. साधं एचटीएमएल म्हणजे साडी, कुणालाही नेसता येते. आपण त्यावर १२०० पिक्सेलचं ब्लाउज शिवतो आणि ते सगळ्यांना का होत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

माझ्या भाच्याने त्याच्या बाबांच्या रोपवाटिकेचं पान केलं होतं. वर मोठी पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे कलमांचे फोटो, खाली दरांचा तक्ता. त्यात पाच मीडिया क्वेरी, म्हणजे ‘पडदा अमुक रुंदीचा असेल तर असं मांड’ अशा सीएसएसमधल्या अटी. त्याच्या फोनसाठी एक, बहिणीच्या फोनसाठी एक, अशा. ‘मावशी, लॅपटॉपवर खिडकी बारीक केली की सगळ्या चालतात, फोनवर एकही चालत नाही.’ अक्षरं मुंगीएवढी.

एवढं ऐकूनच कळलं की हेडमधला (कोडच्या सुरुवातीच्या भागातला) व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ, टाकायचा राहिलाय. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी पानं मोठ्या पडद्यासाठी बनलेली असायची. म्हणून फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते मांडतो आणि मग आक्रसून पडद्यात बसवतो. टॅग नसेल तर आजही असंच होतं. ‘६०० पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर’ ही अट मग खरी ठरणार कशी? ब्राउझरच्या लेखी रुंदी ९८० आहे! टॅगमध्ये विड्थला (रुंदीला) डिव्हाइस-विड्थ, म्हणजे फोनचीच रुंदी, आणि इनिशियल-स्केलला (सुरुवातीच्या झूमला) १ दिलं की काम झालं. टाकायचं ते मुख्यतः एवढंच.

टॅग टाकल्यावर अक्षरं वाचता यायला लागली, पण पान आडवं सरकायला लागलं. अशा वेळी मी सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन देते. बॉर्डर नको, ती जागा खाते. कोण कुंपणाबाहेर गेलंय ते लगेच दिसतं. त्याच्या पानावर तीन गुन्हेगार सापडले. मुख्य डब्याची विड्थ १२०० होती, तिथे मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) केलं. फोटो ६०० पिक्सेलचे होते, त्यांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाईट ऑटो. तिसरा मेनूचा डबा. विड्थ १०० टक्के आणि वर दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा), म्हणजे ४० पिक्सेल बाहेर. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स करा, पॅडिंग रुंदीच्या आत मोजलं जातं.

दरांच्या तक्त्याला सहा रकाने. त्याच्याशी मी भांडत नाही. त्याच्याभोवती एक डिव्ह (साधा डबा), त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो. तक्ता आपल्या चौकटीत आडवा सरकतो, पान जागेवर राहतं.

पाच मीडिया क्वेरींपैकी चार खोडल्या. फोनसाठी सगळं एकाखाली एक, हीच मूळ मांडणी ठेवली. मग खिडकी हळूहळू रुंद करत नेली आणि ओळी वाचायला लांबलचक वाटायला लागल्या तिथे, ७०० पिक्सेलच्या आसपास, राहिलेली एक क्वेरी लावली: आता मेनू शेजारी बसव. फोनच्या मॉडेलप्रमाणे आकडे ठरवू नका, पुढच्या वर्षी नवे फोन येतात. इथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं तेव्हाही लवचिक जाळी आणि लवचिक चित्रं आधी होती, मीडिया क्वेरी तिसरी. शिकणारे नेमके तिसरीपासून सुरू करतात.

एक गोष्ट आपल्या लिपीची. वरच्या पट्टीला त्याने ६० पिक्सेल हाईट दिली होती. रोपवाटिकेचं लांबलचक नाव फोनवर दोन ओळींत मोडलं आणि दुसऱ्या ओळीचे उकार कापले गेले. मजकूर असलेल्या डब्याला हाईट देऊच नये, फार तर मिन-हाईट (कमीत कमी उंची). देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून लाइन-हाईट (ओळीची उंची) मी १.६च्या खाली आणत नाही. आणि लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेखा तुटते.

संध्याकाळी ते पान बाबांनी त्यांच्या फोनवर उघडलं. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी फोनची अक्षरं सर्वांत मोठी करून ठेवलेली. नाव तीन ओळींत मोडलं, पट्टी तेवढी उंच झाली. बाबा म्हणाले, ‘केशरचा दर जुना आहे.’