लोटलीची आडवी मीरा

सावंतवाडीहून आम्ही गोव्यात जातो ते समुद्रासाठी नव्हे, देवासाठी. आईला रामनाथीला जायचं होतं. बांदिवड्याला दर्शन झालं, पण उन्हं अजून चढायची होती. रामनाथ मूळचा सासष्टीतल्या लोटलीचा. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा, 16व्या शतकात, त्याला इकडे आणलं. म्हटलं, देव आला त्या वाटेनं आपण उलटं जाऊ. बोरीच्या पुलावरून झुआरी ओलांडली की लोटली फार लांब नाही.

लोटलीला मला बघायची होती मीरा, म्हणजे संत मीराबाईचं शिल्प. चित्रकार आणि शिल्पकार माएंद्र आल्वारीस यांनी 1994 मध्ये ती सलग जांभ्यात कोरली, तीही अवघ्या 30 दिवसांत. लांबी 14 मीटर, रुंदी 5 मीटर. लिम्का बुकात तिची नोंद आहे. आकडे वाचून काही वाटलं नव्हतं. कठड्याशी उभी राहिले आणि गप्प झाले.

माझे बाबा गवंडी होते. जांभ्याचा चिरा म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. खाणीतून काढला की मऊ, वारं लागेल तसा कडक. अंगभर भोकं. कुऱ्हाडीनं तासता येतो, पण नाजूक काम करायला जावं तर कोपरा हातात येतो. म्हणून तर गोव्यातल्या जुन्या चर्चना आतून चिरा आणि वरून चुन्याचा गिलावा. जांभ्यातून कुणी चेहरा काढेल हे बाबांना पटलं नसतं. इथं तर एकही चिरा कापून उचललेला नाही. जमिनीतच बाई उमटलीय, तांबडी, निजलेली.

आईनं मात्र नेमकं विचारलं, "गो, हिका आडवी कित्याक घातल्यानी?"

मला कुडोपी आठवलं. मालवण तालुक्यातल्या त्या सड्यावर कातळात कोरलेल्या आकृत्या आडव्याच आहेत. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला बैल, मोर, चक्रव्यूहासारखी वर्तुळं, सगळं पायाखालच्या जांभ्यात. आपल्या भागात दगडाला उभं करायच्या आधी माणसानं त्याला आहे तिथंच कोरलं. आल्वारीस यांच्या मनात हेच होतं की नाही, देव जाणे. मला तरी मीरा त्या कातळचित्रांच्याच गोतातली वाटली.

बाकीचं आवार, म्हणजे आल्वारीस यांनीच उभारलेलं जुन्या काळच्या गोव्यातलं गाव, आम्ही भराभर पाहिलं. कुंभाराचं घर, कोळ्याचं घर, फेणीची भट्टी. पुतळे जरा बाहुल्यांसारखे वाटतात, खरं सांगायचं तर. या जागेला 'बिग फूट' नाव ज्यावरून पडलं ती पावलाची खूण असलेली शिळाही तिथं आहे. सगळं दान करून बसलेला महादर नावाचा सावकार एका पायावर उभा राहून प्रार्थना करत होता, अशी कथा. आईनं तिथं हात जोडले. तिला पाऊल दिसलं की पुरे.

निघताना ती पुन्हा मीरेच्या कठड्याशी गेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कडा बघ, खंयच फुटूक नाय."